मण्यारीचे विष आणि तोडीची चिठ्ठी



शास्त्रावर बोलायला उभा राहिलेला हा माणूस डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते उसाच्या फडात, संघटनेच्या कचेरीत आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर. तरीही हा विषय मी होऊन मागून घेतला. त्याला कारण आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हे तुम्हां बीडकरांना मी सांगावे असे नाही. फडाशेजारी कोपी घालायची आणि भुईवर अंग टाकायचे. धान्याला उंदीर येतो, उंदरामागे साप. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका तळावर पाटोद्याकडचा एक तरणा गडी पहाटे पोट धरून उठला. ओकारी झाली. दिवस वर येईतो पापण्या मिटू लागल्या, बोलणे बोबडे झाले. आम्ही म्हटले, रात्रीची उतरली नसेल. अंगावर दंशाची खूण नाही, सूज नाही. वाटेतल्या एका दवाखान्यात पित्तावरचे इंजेक्शन मिळाले, आणि दुपारी मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर त्याचा श्वास थांबला. मी छातीला हात लावला तेव्हा काळीज अजून चालत होते. थोडा वेळ चालले, मग तेही थांबले. श्वास थांबल्यावरही काळीज का चालत होते, याचे उत्तर मला पुढे पुस्तकात सापडले.

तो दंश मण्यारीचा. ही रात्री फिरते, दात इतके बारीक की झोपलेला माणूस पुष्कळदा जागाही होत नाही. घोणस आणि फुरसे यांचे विष मुख्यतः रक्तावर जाते. नाग आणि मण्यार यांचे विष जाते मज्जातंतूंवर. तेही सबंध तंतूवर नव्हे, तर तंतूचे टोक आणि स्नायू यांच्या सांध्यावर.

हा सांधा समजायला आपल्या धंद्यातलाच दाखला घेतो. फडात ऊस उभा आहे, टोळी कोयते घेऊन तयार आहे. पण कारखान्याची तोडीची चिठ्ठी चिटबॉयने आणून दिल्याखेरीज कोयता चालत नाही. शरीरातही तसेच आहे. मेंदूचा हुकूम विजेच्या रूपाने मज्जातंतूच्या टोकापर्यंत येतो. तिथून स्नायूपर्यंत एक अतिसूक्ष्म फट आहे आणि वीज ती ओलांडत नाही. तंतूच्या टोकात बारीक बारीक पिशव्या भरलेल्या असतात. त्यांत ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य असते. हुकूम आला की पिशव्या टोकाच्या पडद्याला चिकटून फुटतात, द्रव्य फटीत सांडते, समोर स्नायूवर ते घेणारी ग्राहके असतात त्यांत जाऊन बसते, आणि स्नायू आकसतो. काम झाले की एक पाचक द्रव्य त्या चिठ्ठीचे तुकडे करते. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागांत होते.

नागाचे विष करते ते एवढेच, की टोळीच्या मुकादमाच्या हातात आधीच भलता कागद कोंबून ठेवते. खरी चिठ्ठी येते, पण घ्यायला हात रिकामा नाही. म्हणून नागाच्या दंशात डॉक्टर प्रतिसर्पविषाबरोबर निओस्टिग्मिन देतात, सोबत ॲट्रॉपिन. निओस्टिग्मिनने चिठ्ठ्या फाडणारे द्रव्य थांबते, फटीत चिठ्ठ्यांची गर्दी होते आणि काहींना तरी हात मोकळा सापडतो.

मण्यारीकडे हा कावा आहेच, पण तिच्याजवळ त्याहून वाईट हत्यार आहे. तैवानमध्ये चांग आणि ली या संशोधकांनी १९६३ साली तिकडच्या मण्यारीच्या विषातून दोन विषे वेगळी केली. एक ग्राहकावर बसणारे, दुसरे तंतूच्या टोकात शिरून ते टोकच मोडणारे. म्हणजे चिटबॉयची कचेरीच जाळली. अशा वेळी निओस्टिग्मिनचा फारसा उपयोग नाही. प्रतिसर्पविष रक्तात फिरणारे विष धरते, ते लवकर दिलेच पाहिजे. पण मोडलेले टोक ते जोडू शकत नाही. टोक शरीर स्वतः पुन्हा घडवते, आणि त्याला दिवस लागतात, कधी आठवडे.

जंतूंचीही विषे याच सांध्याशी खेळतात. बिघडलेल्या डबाबंद अन्नात वाढणाऱ्या एका जंतूचे बोटुलिनम हे ठाऊक असलेल्या विषांत सर्वांत जहाल. ते पिशवी पडद्याला बांधणारी दोरीच कापते. चिठ्ठ्या आत शाबूत, पण बाहेर पडत नाहीत. माणूस लुळा पडतो. धनुर्वाताचे विषही तीच दोरी कापते, हे १९९२ साली इटलीतल्या पादुआ येथे उलगडले. मग धनुर्वातात माणूस लुळा न पडता धनुष्यासारखा ताठ का होतो? कारण ते विष तंतूतून वर चढून पाठीच्या कण्यात जाते आणि 'आता पुरे' असे सांगणाऱ्यांच्या चिठ्ठ्या अडवते. सगळ्या टोळ्या एकदम राबू लागतात, थांबवणारा कोणी नाही. कोयत्याचा घाव लागल्यावर मी बायाबापड्यांमागे लशीसाठी का लागतो, ते आता ध्यानात येईल.

पुन्हा मण्यारीकडे येऊ. काळजाचा स्नायू या चिठ्ठीवर चालत नाही. त्याचा ठोका त्याच्यातच उपजतो. मेंदूही शाबूत असतो. बंद पडतो तो श्वास, कारण छातीचे आणि श्वासपटलाचे स्नायू चिठ्ठीचे ताबेदार. तेव्हा श्वास बाहेरून चालू ठेवला, वाटेत तोंडाने किंवा अंबू पिशवीने आणि पुढे यंत्राने, तर टोके परत घडेपर्यंत माणूस तग धरतो. माझ्या हाताखाली ते काळीज चालत होते तेव्हा आम्ही जीपमध्ये पाच धडधाकट माणसे होतो. पाच जणांची फुफ्फुसे होती.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले. दुर्लक्ष कोणाचे, ते यादीत लिहिलेले नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत: तळावर प्रत्येक कोपीला खाट आणि मच्छरदाणी, आणि गाडीत एक अंबू पिशवी व ती दाबायला शिकलेला माणूस. खाट-मच्छरदाणीने मण्यार अंगाशी येणे पुष्कळ टळते. एका बैठकीत मला विचारले गेले, की खाटांचा खर्च उचलीत धरायचा काय? असो.

काही हंगामांनंतर दुसऱ्या तळावर एका बाईला हाच दंश झाला. या वेळी पापण्या पडताना पाहूनच आम्ही निघालो. दवाखान्यात पोचल्यावर ती पुरती निश्चल झाली, बाहुल्या विस्फारल्या, उजेड दाखवला तरी हलेनात. सोबतचे लोक म्हणाले, संपले. पण तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना मण्यार ठाऊक होती. त्या म्हणाल्या, "हिला सगळे ऐकू येत असेल, जपून बोला." यंत्र लावले, प्रतिसर्पविष दिले. चौथ्या दिवशी पायाचे बोट हलले. नळी काढल्यावर आवाज फुटायला आणखी दिवस गेला, आणि बाई पहिले बोलली ते नवऱ्याशी. खाटेशेजारी उभे राहून मुकादम आणि तो तिच्यावरची उचल कोणी फेडायची याचा हिशोब करत होते. तो आकडा तिने त्याला बरोबर सांगितला.