पाडण्याआधीचा फोटो

मुंबईचे जुने फोटो समोर आले की आपण आधी जागा ओळखायला लागतो. ही फोर्टमधली वखार, ही बोरीबंदरची गाडी, हा ट्रामचा फाटा. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारावा. हा फोटो कोणाला हवा होता? पावणेदोनशे वर्षांच्या या चित्रसंग्रहात ज्यांनी शहर बांधलं आणि ज्यांनी पाडलं त्यांनी काढवलेले फोटो उदंड आहेत. जे त्या शहरात राहिले, त्यांनी आपल्या घराचा म्हणून काढलेला फोटो शोधावा लागतो.

कॅमेरा इथे फार लवकर आला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. सोसायटीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या बरोबरीने आपली माणसंही होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांना या नव्या विद्येचा नाद होता, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर उत्तम फोटो काढत. हरिचंद चिंतामण याच एल्फिन्स्टनच्या वर्गात शिकून व्यावसायिक छायाचित्रकार झाले. म्हणजे कॅमेरा फक्त साहेबाच्या हातात होता, असं म्हणता येत नाही. पण तो कुठे रोखायचा हे बहुधा साहेबाच्या आवडीवर ठरे.

विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६पासून ‘इंडियन ॲमॅचर्स फोटोग्राफिक अल्बम’ काढला. त्या काळातल्या फोटोंतली मुंबई पुष्कळदा ओस पडल्यासारखी दिसते. काचेवर रसायन लावून, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि कॅमेऱ्याचं तोंड काही सेकंद उघडं ठेवायचं, अशी ती पद्धत. जो स्थिर उभा राहिला तो उमटला. चालता माणूस, हमाल, बैलगाडी यांचा नुसता धूसर पट्टा उरे, नाहीतर तेही नाही. इमारत मात्र हलत नाही, त्यामुळे ती नीट येई. पुढे याच जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंडांचं पुस्तक केलं, १८६३ आणि १८६६ साली. त्यात त्याने माणसांचे फोटो वेगळे काढले आणि मुंबईतल्या जागांच्या चित्रांवर ते बेमालूम बसवले. माणूस एकीकडचा, जागा दुसरीकडची. पुढे या शहराच्या नियोजनात जे वारंवार घडलं, त्याची ही रंगीत तालीम होती असं मला नेहमी वाटतं.

मुंबईतली पहिली मोठी पाडापाडी १८६०च्या दशकातली. सर बार्टल फ्रिअर १८६२ साली गव्हर्नर झाले आणि फोर्टचा तट पाडायचं ठरलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या पैशावर तटाबाहेरच्या मैदानालगत नवं शहर उभं राहिलं. अपोलो गेट, चर्चगेट आणि बझारगेट हे तीन दरवाजे गेले. चर्चगेट जिथे होतं तिथे १८६४ साली फ्लोरा फाउंटन बसलं. दरवाजाचं नाव पुढे रेल्वे स्टेशनने घेतलं आणि तेवढंच शिल्लक राहिलं. नव्या इमारतींचे फोटो मात्र ढिगाने निघाले. सेक्रेटरिएट, विद्यापीठ, हायकोर्ट, आणि १८७८ साली काम सुरू होऊन दहाएक वर्षांनी पुरं झालेलं फ्रेडरिक स्टीव्हन्सचं व्हिक्टोरिया टर्मिनस. राजा दीनदयाळ यांनी १८९६ साली मुंबईत स्टुडिओ उघडला, क्लिफ्टन कंपनीने पोस्टकार्डं छापली, आणि घुमट, कमानी, मनोऱ्यांची मुंबई जगभर पोचली. तिच्याच मागे, भुलेश्वर-मांडवीच्या गल्ल्यांत, एका खोलीत दहा-दहा माणसं राहत होती. तिकडे फोटोग्राफर फारसा फिरकला नाही.

तो गेला १८९६च्या सप्टेंबरनंतर, आणि गेला तो पोलीस आणि डॉक्टरांच्या मागोमाग. डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांना मांडवीत प्लेगचे पहिले रुग्ण सापडले. दुसऱ्या वर्षी जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली आणि तिच्या कामाचे फोटो काढले गेले. अल्बम बांधून तयार झाले, आज ते लंडनच्या वेलकम संग्रहात पाहता येतात. घरं धुऊन काढणारे बंब, चुना मारणारी माणसं, उजेड यावा म्हणून उचकटलेली छपरं, रोग्यांना घेऊन जाणारी पथकं, विलगीकरणाच्या छावण्या. घराच्या भिंतीवर वर्तुळं काढलेली दिसतात. त्या घरात प्लेगने माणूस गेला, अशी ती खूण. माणसांनी राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर इंग्रजीतली तीन अक्षरं रंगवत, यूएचएच. मुंबईतल्या गरिबाच्या घराचे पद्धतशीर फोटो निघाले ते हे. ते घर किती वाईट आहे, हे सिद्ध करण्यासाठी.

घर वाईट होतं हे खोटं नाही. पण त्या पुराव्यावर जे उभं राहिलं ते पाहायला हवं. १८९८च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. नागपाड्याच्या वस्तीत त्याने पहिली योजना राबवली, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड दाट वस्तीतून आरपार काढले, समुद्राची हवा शहरात यावी म्हणून. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्यांची घरं पाडली तितक्यांना घरं दिली नाहीत. उठलेली माणसं शेजारच्याच गल्लीत शिरली आणि ती गल्ली आणखी दाटली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतल्या घरांतल्या उजेडावर आणि हवेवर व्याख्यान दिलं, आणि दोन इमारतींत किती अंतर हवं यासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम मांडला. खोलीतून आभाळ दिसलं पाहिजे, हे त्यामागचं साधं गणित. आज पुनर्वसनाच्या कित्येक इमारतींत खालच्या मजल्यावर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. ऑरसाहेबांना ते दाखवायला हवं होतं.

ट्रस्टने चाळीही बांधल्या. परळच्या बीआयटी चाळ क्रमांक १मधल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ अशी तब्बल बावीस वर्षं राहिले. महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषद हे सगळं त्या काळातलं. तिथून ते दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहात गेले, आणि ती कॉलनीसुद्धा ट्रस्टच्याच दादर-माटुंगा योजनेतली. राजगृहाचे फोटो शेकड्यांनी आहेत. चाळीतल्या त्या दोन खोल्यांचे, ते तिथे राहत असतानाचे, किती? एका घराला इमारत म्हणून मान आहे, दुसरी नुसती खोली. फोटोंच्या जगातही ही उतरंड चालते.

मध्येच पॅट्रिक गेडिस यांचं नाव घ्यायला हवं. शहर आधी पाहावं, मोजावं, समजून घ्यावं आणि मग हात लावावा, असं सांगणारा हा स्कॉटिश माणूस. नकाशे, चित्रं, फोटो यांचं नगररचनेचं मोठं प्रदर्शन त्यांनी १९१४ साली भारतात पाठवलं. पहिलं महायुद्ध पेटलं होतं. एमडेन या जर्मन युद्धनौकेने ‘क्लॅन ग्रँट’ हे जहाज बुडवलं आणि त्याबरोबर सगळं प्रदर्शन तळाला गेलं. मित्रांनी पुन्हा साहित्य गोळा करून दिलं आणि गेडिस यांनी ते हिंदुस्थानात फिरवलं. १९१९मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्राचे प्राध्यापक नेमलं. रस्ता काढायचा म्हणून अख्खी वस्ती झोपवू नये, जिथे खरोखर कापायची गरज आहे तिथेच आणि तेवढंच कापावं, हे त्यांचं म्हणणं. त्यांचा आदर सगळ्यांनी केला. मुंबईने ऐकलं मात्र नाही.

१९२०मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. एकीकडे बॅकबेचा समुद्र बुजवायचा आणि दुसरीकडे कामगारांसाठी काँक्रीटच्या चाळी बांधायच्या, अशी दोन मोठी कामं. बॅकबेच्या कामातला खर्च आणि गोंधळ वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्या बुजवलेल्या जमिनीवर मरीन ड्राइव्ह झाला, त्याच्या मागे आर्ट डेको इमारतींची रांग उभी राहिली. दक्षिण मुंबईतल्या या इमारती, मैदानापलीकडच्या गॉथिक इमारतींसह, २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. त्यांचे फोटो, दारावरची अक्षरं, जिन्याचे कठडे, ग्रिलची नक्षी असं सगळं गेल्या दहा वर्षांत आर्ट डेको मुंबई ट्रस्टने चिकाटीने नोंदवलं आहे. चांगलं काम आहे.

डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्याच दुसऱ्या कामाच्या वाट्याला हे कौतुक आलं नाही. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ बीडीडी चाळी. तळ अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची, बाहेर सामाईक संडास, मधून लांबलचक पॅसेज. मध्ये सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तुरुंग झाला होता. त्यानंतर नऊ-दहा दशकं तिथे गिरणी कामगार, पोलीस, गोदीतले मजूर, कोकण-घाटावरून आलेली कुटुंबं राहिली. या पॅसेजात किती नाटकं बसली, किती मोर्चे ठरले! पण वास्तू म्हणून त्यांच्याकडे पाहणारी पुस्तकं अगदी अलीकडची. नीरा आडारकर यांनी संपादित केलेलं मुंबईच्या चाळींवरचं पुस्तक २०११चं. गिरणगावातल्या कामगारांच्या मौखिक इतिहासाचं, त्यांनी मीना मेनन यांच्याबरोबर केलेलं पुस्तक २००४चं. तोवर गिरण्यांचा संप होऊन वीस वर्षं उलटली होती.

गिरण्यांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्या जखमेवर पुष्कळ लिहिलं गेलंय. १८ जानेवारी १९८२चा संप, १९९१ची नियमावली, तिच्यातला एक तृतीयांश मोकळी जागा, एक तृतीयांश परवडणारी घरं आणि एक तृतीयांश मालकाला असा वाटा. १९९६ साली चार्ल्स कोरिया समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र आराखडा दिला. २००१मध्ये नियमात अशी दुरुस्ती झाली की वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीचीच. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मग चिमण्यांचे सुंदर, संध्याकाळच्या उजेडातले फोटो मॉलच्या कॉफीशॉपमध्ये टांगले गेले. साच्यापाशी उभ्या कामगाराचा फोटो त्या भिंतीवर क्वचितच दिसतो.

या सगळ्या काळात एकच फोटो असा आहे की जो राहणाऱ्याच्या बाजूने उभा राहिला, आणि तो कुठल्याही प्रदर्शनात नाही. ४ जानेवारी १९७६ रोजी सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची एकाच दिवशी गणना केली आणि पात्र कुटुंबांना फोटोपास दिले. झोपडीचा क्रमांक आणि कुटुंबाचा फोटो. तो कागद लोकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या ट्रंकेत, कपड्यांच्या खाली जपला. पुढे १९९५, मग २००० अशा पात्रतेच्या तारखा सरकत गेल्या. दर वेळी ट्रंक उघडायची वेळ आली. ज्यांच्याकडे कागद नव्हता ते फुटपाथवरचे लोक हिशेबातच नव्हते. १९८५ साली स्पार्क या संस्थेने त्यांची गणना केली आणि अहवालाच्या नावातच त्यांना अदृश्य म्हटलं. धारावीत २०२४पासून पुन्हा घरोघर सर्वेक्षण झालं. घरांवर क्रमांक पडले, वरून ड्रोन फिरले, गल्ल्या लेझरने मोजल्या गेल्या. तंत्र बदललं, भिंतीवर खूण करण्याची पद्धत १८९७चीच. फरक एवढा की आता घरवालाही मोबाइल काढून त्या क्रमांकाचा फोटो घेतो.

आणि बीडीडी? २०१७मध्ये पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. १६०वरून ५०० हा लहान बदल नव्हे. ज्यांनी रात्रीअपरात्री पॅसेजच्या टोकाला संडासासाठी रांग लावली, त्यांना चाळीच्या आठवणींवर हळवे लेख ऐकवणं मला पटत नाही. टॉवर हवाच होता.

पण टॉवरच्या जाहिरातीतलं संगणकावरचं चित्र पाहा. हिरवळ, कारंजं, खेळणारी दोन गोरीगोमटी मुलं. जॉन्सनच्या पुस्तकासारखंच, माणूस एकीकडचा आणून जागेवर बसवलेला. येत्या काही वर्षांत मुंबई, ठाणे, पुण्यात हजारो सोसायट्या पाडल्या जाणार आहेत. पाडणाऱ्याकडे ड्रोनचं चित्रण असेल, बिल्डरकडे ब्रोशर. तुमच्याकडे काय असेल?

खरं तर असतं. चाळींची खरी नोंद घरच्या अल्बमात आहे: बारशाच्या फोटोत मागे मोरी, लग्नाच्या फोटोत नवरीमागे गॅलरीतली कपड्यांची वलणी, गणपतीच्या आरासीमागे पोटमाळ्याची शिडी. आपण ते स्कॅन करताना चेहरे मोठे करतो आणि कडा कापतो. कडा कापू नका. फोटोच्या मागे साल, चाळीचं नाव, खोली क्रमांक आणि माणसांची नावं लिहा. ती सांगू शकणारी पिढी अजून आहे तोवर. सोसायटीचा करार झाला असेल तर वर्गणी काढून एका दिवसात जिना, पॅसेज, नळ, गच्ची, नोटीस बोर्ड, मीटरची पाटी या सगळ्याचे फोटो काढून घ्या, खोलीचं माप टाका, आणि एक प्रत जवळच्या वाचनालयाला द्या. हे काम खोली रिकामी करून ताबा द्यायच्या दिवशी होत नाही. भांडी बांधायला घेण्याआधीच करा.