शिकागो, नववीचा पहिला तास

सकाळी ६:४५. शिकागोच्या दक्षिण भागातली ७९व्या रस्त्याची बस शाळकरी पोरांनी गच्च भरलेली. २०१३ साली शहराने जवळपास ५० शाळा एका फटक्यात बंद केल्या. झळ लागली ती मुख्यतः कृष्णवर्णीय मुलांना. घराजवळची शाळा गेली की परक्या, धोक्याच्या गल्ल्यांतून जावं लागतं. म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या जाकिटातली वस्तीचीच माणसं पहाऱ्याला उभी असतात.

८:००. बीजगणित. हजेरी चालू असताना एक मुलगी धापा टाकत येते. धाकट्या भावाला शाळेत सोडून आलेली असते. तिला मी थेट फळ्याशीच बोलावते: ३(क्ष − ४) = २क्ष + ५. ती झरझर सोडवते, उत्तर ९. मागून आवाज येतो, "अगं, चारलाही तीनने गुण ना!" ती थबकते, पुसते, पुन्हा मांडते. १७! चूक तिची तिने दुरुस्त केली, याचा मला फार आनंद होतो.

१२:१५. जेवण. ते सगळ्यांनाच मोफत, त्यामुळे गरिबीचा शिक्का कुणावर बसत नाही.

२:१०. नववीच्या शिक्षकांची बैठक. माझ्या मते दिवसातलं सर्वांत मोलाचं काम हेच. शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००५ मध्ये दाखवून दिलं, की नववीत रुळावर राहिलेलं, म्हणजे विषयांत न अडकता पुढे सरकलेलं मूल चार वर्षांत शाळा पुरी करण्याची शक्यता रुळावरून घसरलेल्याच्या साडेतीन पट असते. आठवीच्या चाचणीतल्या गुणांपेक्षा हे एक वर्ष जास्त सांगून जातं. म्हणून आम्ही एकेक नाव घेतो: कोण गैरहजर, कोणाचा कुठला विषय अडलाय. एका मुलाच्या घरी फोन लावते. रात्रपाळी करून आलेली आजी म्हणते, "उद्या मी स्वतः आणून सोडते त्याला, मिस."

३:३०. इतिहासाच्या वर्गात भिंतीवर २२ ऑक्टोबर १९६३चे फोटो. कृष्णवर्णीय मुलांना खचाखच भरलेल्या वर्गांत आणि वर्ग म्हणून उभ्या केलेल्या फिरत्या डब्यांत कोंबण्याविरुद्ध त्या दिवशी दोन लाखांहून जास्त मुलं शाळेत गेली नव्हती. चांगल्या शाळेसाठी या वस्तीने शाळाच बंद पाडली होती! इथल्या पालकांना शिक्षणाची आच नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे फोटो पाहावेत.

४:१५. सकाळची मुलगी शिकवणीला थांबली आहे. तिला रोज हाक मारणारी शाळा तिच्याच वस्तीत हवी आणि शिक्षक वर्षानुवर्षं टिकायला हवेत. शहराने एवढं तरी द्यायलाच हवं.