वायफाय फुल, साइट गुल! मग डीएनएस कोणता लावायचा?

मागच्या महिन्यात राहुरीला आत्याकडे गेलो होतो. आत्याला सोसायटीच्या कर्जासाठी सातबारा काढायचा होता, त्यात शेवटचा दिवस. वायफायच्या कांड्या फुल, व्हॉट्सॲप चालू, पण साइट उघडेना. आत्या म्हणाली, "अरे, सरकारी आहे, बंदच असंल." मोबाइल डेटावर बघितलं, तर उघडली! काम उरकलं, पण घरचं नेट तसंच सोडून कसं जायचं? वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ टाकलं, आणि साइट वायफायवरही चालली.

डीएनएस म्हणजे काय? आपल्या अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण पिनकोड ४१४००१ तोच राहिला ना? नेटही आकड्यांवरच चालतं. तुम्ही साइटचं नाव टाकता, डीएनएस तिचा आकडा शोधून देतो. हे काम एरवी तुमच्या नेटवाल्याचा सर्व्हर करतो. तो अडकला की लाइन चालू असूनही साइट गायब.

फुकटातले तीन भरवशाचे. गूगलचा ८.८.८.८, २००९ पासून. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, २०१८ पासून. आणि क्वाड नाइनचा ९.९.९.९, हा मला जास्त आवडतो, कारण ती ना-नफा संस्था आहे आणि फसव्या साइट ओळखून अडवते. घरात लहान पोरं असतील तर क्लाउडफ्लेअरचाच १.१.१.३ घ्या, तो अश्लील साइटही अडवतो.

आता एक भ्रम. डीएनएस बदलून नेट सुसाट होत नाही! ५० एमबीपीएसचा प्लॅन ५० चाच राहतो. साइट उघडायची सुरुवात जरा लवकर होईल, बस. कधी कधी तर नेटवाल्याचा जवळचा सर्व्हरच बरा पडतो.

आत्याच्या पोराला मात्र ग्रुपवर 'सुपरफास्ट नेटचा सीक्रेट डीएनएस' आला होता आणि तो राउटरमध्ये टाकायला निघाला होता. मी हातच धरला त्याचा. कारण पत्ता सांगणाराच चोर असला तर? तुम्ही बँकेचं नाव टाकाल आणि तो भलत्याच पानावर नेईल. डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसनं हेच केलं होतं. जगभरात सुमारे ४० लाख कॉम्प्युटर त्यानं चोरांच्या सर्व्हरकडे वळवले, २०११ मध्ये ती टोळी पकडली गेली. म्हणून आधी राउटरचा 'ॲडमिन-ॲडमिन' पासवर्ड बदला.

आणि हो, कुठल्या साइट बघता हे डीएनएसवाल्याला कळतं. नेटवाल्याबरोबर आता ते गूगललाही कळणार, एवढाच फरक. क्वाड नाइन म्हणते, आम्ही तुमचा आयपी साठवत नाही.

अँड्रॉइड ९ किंवा पुढचा फोन असेल तर सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा. तिथं आकडा चालत नाही, बरेच जण इथंच फसतात. इंग्रजीत नाव टाकायचं: डीएनएस डॉट क्वाड ९ डॉट नेट, 'क्वाड'ला चिकटून ९ चा आकडा. मग चौकशी कुलूपबंद जाते, वायफाय असो की डेटा. आयफोनवर त्या त्या वायफायपुढच्या 'आय'वर जाऊन 'कॉन्फिगर डीएनएस' करा.

हॉटेलात किंवा स्टेशनवर वायफायचं लॉगिन पानच आलं नाही, तर प्रायव्हेट डीएनएस तेवढ्यापुरता 'ऑटोमॅटिक' करा. लॉगिन झालं की परत लावा.