गुडघ्याची दुखापत : वेळीच तपासणी हवी

उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे ही गावे सामावून घेणारी मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली अस्तित्वात आली. अशा वाढत्या शहरात काय किंवा खेड्यात काय, शाळेच्या पटांगणावरील कबड्डीत एक प्रसंग हमखास घडतो. चढाई करणारा मुलगा वेगाने वळतो, पाऊल मातीत रोवलेले राहते आणि गुडघा पिळवटतो. ‘कट्’ असा आवाज होतो व काही तासांतच गुडघा सुजतो. ‘मुरगळला असेल’ म्हणून तेल चोळले जाते, पाय ओढला जातो. नुकसान होते ते येथेच.

मांडीचे हाड व नडगी यांना चार प्रमुख अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, बांधून ठेवतात. दोन सांध्याच्या आत फुलीप्रमाणे एकमेकांना छेदतात. उरलेले दोन आतल्या व बाहेरच्या बाजूस असतात. क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, अस्थिबंध दिसत नाहीत. म्हणून ‘फोटो’ निर्दोष आला, तरी गुडघा निर्दोष ठरत नाही. येथे डॉक्टरांचे हातच उपयोगी पडतात.

डॉक्टर प्रथम धडधाकट गुडघा तपासतात, कारण तुलनेचे माप तोच असतो. मग दुखावलेला गुडघा २० ते ३० अंश वाकवून, एका हाताने मांडी स्थिर धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. अस्थिबंध शाबूत असल्यास ती ठामपणे अडते. तुटला असल्यास अधिक पुढे सरकते. जॉन लॅकमन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी जोसेफ टॉर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. गुडघा ९० अंशांत ठेवल्यावर नडगी मागे खचलेली दिसली, तर मागच्या अस्थिबंधाची शंका येते. पाय बाजूंना हलके दाबून बाजूचे अस्थिबंध पारखले जातात. वेदना व सूज यांमुळे स्नायू आखडतात आणि दोष झाकला जातो. म्हणून काही दिवसांनी फेरतपासणी आवश्यक असते. गरजेनुसार एमआरआय करतात.

या चाचण्या शिक्षकांनी स्वतः करू नयेत. त्यांनी खेळ थांबवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा आणि पाय उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा पाऊल गार वा बधिर पडले असेल, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे.

प्रत्येक दुखापतीस शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. पुष्कळांना व्यायामोपचारानेही गुण येतो. परंतु निखळता गुडघा घेऊन खेळत राहिल्यास आतील कूर्चा झिजते आणि ऐन उमेदीत संधिवात जडू शकतो. सामना पुन्हा भरविता येतो. झिजलेली कूर्चा सहसा पूर्ववत होत नाही.