कन्व्हर्टर बदलण्याआधी

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग एकमेकांना छेदतात.  तिथून धावणाऱ्या आधुनिक पेट्रोल मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. मधाच्या पोळ्यासारख्या त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे धातू असतात. त्यांच्यामुळे धुरातले बरेचसे विषारी वायू निवळतात.

१९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. शिसे त्याला निकामी करते, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही तेव्हाच आले.

घरी बदलायचा तर इंजिन पूर्ण थंड हवे. गाडी नुसत्या जॅकवर नव्हे, भक्कम स्टँडवर ठेवावी. गंजलेले बोल्ट तेलाने सैल करावेत, ऑक्सिजन सेन्सर जपून काढावा, गॅस्केट नवेच बसवावे.

इंजिन मिसफायर करत असेल किंवा ऑइल जाळत असेल, तर आधी ते दुरुस्त करावे. नाहीतर नवा कन्व्हर्टरही लवकर बाद होतो.