यादी हवी की फळी?

कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्यांना स्टीम काय आहे ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यू नावाचं शहर आहे. तिथल्या व्हॉल्व्ह कंपनीचं हे ऑनलाइन दुकान. गेम इथे विकत घ्यायचा, इथूनच डाउनलोड करायचा, आणि घेतलेले सगळे गेम तुमच्या खात्यावर एका जागी जमा होत जातात. ती जागा म्हणजे तुमची लायब्ररी. दुकानाची मांडणी बदलली तर लोक चार दिवस कुरकुरतात आणि विसरतात. लायब्ररीला हात लावला की मात्र ते मनापासून चिडतात, कारण तिथे ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीचे पैसे त्यांनी भरलेले असतात.

३० ऑक्टोबर २०१९ रोजी व्हॉल्व्हने तो हात लावला. त्याआधी १७ सप्टेंबरपासून हौशी मंडळींना नवी लायब्ररी चाचणीसाठी खुली होती, म्हणजे कंपनीने गुपचूप काही केलं असं नाही. तरीही त्या आठवड्यात गेम खेळणाऱ्यांच्या कुठल्याही घोळक्यात दुसरा विषय नव्हता. मी पुण्यात सॉफ्टवेअरचे स्क्रीन आखायचं काम करते आणि रात्री जेवणं उरकली की गेम खेळते, त्यामुळे हा बदल मला दोन्ही अंगांनी जवळचा.

स्टीमवर लोक रागावण्याची ही पहिली वेळ नव्हती. १२ सप्टेंबर २००३ ला ते सुरू झालं तेव्हा त्याची खिडकी शेवाळी हिरव्या रंगाची होती आणि बऱ्याच खेळाडूंना ते नकोच होतं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात हाफ-लाइफ २ आला. दुकानातून खोका विकत आणला तरी स्टीम बसवून इंटरनेटला जोडल्याशिवाय तो गेम सुरू होत नसे. लोकांनी बोटं मोडली, पण गेम इतका सुंदर होता की स्टीम बसवलं. मग उन्हाळी आणि हिवाळी सेल सुरू झाले, शंभर-दोनशे रुपयांत जुने गेम मिळू लागले आणि याद्या वाढत गेल्या. शेकड्यांनी गेम घेतलेले आणि त्यातले निम्मे कधी उघडलेलेही नाहीत, असे कितीतरी लोक माझ्या ओळखीचे आहेत.

जुन्या लायब्ररीत डावीकडे नावांची उभी यादी असायची. एखाद्या नावावर क्लिक केलं की उजवीकडे त्या गेमचं पान. चित्रांची मांडणीही निवडता यायची, पण बहुतेक जण यादीच वापरत. त्या यादीचे आपल्या मनाने कप्पे करता येत. माझे कप्पे होते ‘अर्धे राहिलेले’, ‘भाच्याबरोबर’, ‘डोकं चालत नसेल तेव्हा’ आणि ‘पावसाळी’. पावसाळीत मशिनेरियम होता, स्टारड्यू व्हॅली होता. ही वर्गवारी दुसऱ्या कुणाला कळायची गरज नव्हती. वर्षानुवर्षं एकेक गेम उचलून ठेवत ती तयार झाली होती.

नव्या लायब्ररीत डावीकडची यादी राहिली, पण समोरचा दिवाणखाना पूर्ण बदलला. उघडल्या उघडल्या वर रुंद कार्डांची एक रांग दिसते: तुमच्या गेममध्ये काय नवीन आलं, कुठला अपडेट, कुठली स्पर्धा. त्याखाली नुकतेच खेळलेले गेम. त्याखाली फळ्या, आणि फळ्यांवर उभी मुखपृष्ठं, ६०० बाय ९०० पिक्सेलची, पुस्तकासारखी तोंड पुढे करून ठेवलेली. एखादं मुखपृष्ठ दाबलं की खिडकीभर रुंद चित्र येतं, त्यावर गेमचं बोधचिन्ह, मग खेळण्याचं हिरवं किंवा डाउनलोडचं निळं बटण, किती तास खेळलात तो आकडा, मित्रांपैकी कोण खेळतंय ते, आणि खाली बातम्या. जुने कप्पे पुसले गेले नाहीत, ते ‘कलेक्शन’ या नावाने आपोआप नव्या घरात आले. ही व्हॉल्व्हने घेतलेली सगळ्यात शहाणी काळजी. ते कप्पे हरवले असते तर काय झालं असतं याची कल्पनाही करवत नाही.

अनेकांना हे सगळं आवडलं, आणि मलाही मुखपृष्ठं फार आवडली. नावांच्या यादीत मशिनेरियम हा एक शब्द होता. फळीवर आल्यावर तो पुन्हा गंजलेल्या पत्र्याच्या रोबोंचा हळवा गेम झाला, आणि मी तो पहिल्यापासून खेळले. शिवाय नियम लावून भरणारी कलेक्शनं आली. एकट्याने खेळायचे आणि कंट्रोलरवर चालणारे, असं एकदा सांगून ठेवलं की नवा गेम घेतल्यावर तो स्वतःच त्या फळीवर जाऊन बसतो.

तक्रारी मुख्यतः दोन होत्या. पहिली वजनाची. नवी लायब्ररी वेबपानासारखी बांधलेली आहे आणि ती दाखवायला स्टीमच्या पोटात एक आख्खा क्रोम जातीचा ब्राउझर चालतो. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडला की स्टीमवेबहेल्पर या नावाच्या एकाखाली एक ओळी दिसतात, तो हाच. भरपूर मेमरी असलेल्या मशीनवर याचं काही वाटत नाही. चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर जो माणूस कसाबसा गेम चालवतो त्याला मात्र गेमआधी यादीच जड होते. यावर उतारा म्हणून सेटिंगमध्ये लो बँडविड्थ आणि लो परफॉर्मन्स असे दोन पर्याय आहेत, आणि जुनं मशीन असेल त्यांनी ते जरूर लावावेत.

दुसरी तक्रार वरच्या त्या बातम्यांच्या रांगेची. ती इतकी मोठी की लहान स्क्रीनवर स्वतःचे गेम बघायला खाली सरकावं लागतं. आणि ती पूर्ण बंद करायचं साधं बटण व्हॉल्व्हने दिलं नाही.

या रागाकडे ‘लोकांना बदल आवडत नाही’ असं म्हणून बघणारे माझ्या धंद्यात पुष्कळ आहेत. मला ते मान्य नाही. सदाशिव पेठेतल्या एका औषधाच्या दुकानात मी कितीतरी वेळ नुसती उभी राहून बघितलंय. काउंटरवरचे काका कीबोर्डकडे न बघता बिल करायचे: औषधाची पहिली तीन अक्षरं, एंटर, नग, एंटर, बॅच, एंटर, आणि शेवटी एक फंक्शन की. बोलणं चालू ग्राहकाशी, डोळे चिठ्ठीवर, बोटं आपली आपली चालतात. मग त्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीने स्क्रीन नवा केला. मोठी चित्रं, गोल कोपरे, मध्ये शोधायची चौकट, आणि पुढच्या पायरीला माउस लागतोच. काका मला म्हणाले, “ताई, दिसायला छान आहे. पण गिऱ्हाईक उभं आहे ना!” त्यांना बदल नको नव्हता. त्यांच्या बोटांनी कमावलेलं काम कुणीतरी न विचारता मोडलं होतं.

स्टीमवर रागावलेल्यांचं हेच होतं. काय खेळायचं ते ठरवूनच बसलेल्या माणसाला नाव, बटण, सुरू, एवढंच हवं असतं. मोकळी संध्याकाळ घेऊन बसलेल्याला कुणीतरी दाखवावं असं वाटतं. मंगळवारी मी पहिल्या जातीची असते, शनिवारी दुसऱ्या. २०१९ ची मांडणी शनिवारसाठी केलेली आहे.

पण बातम्यांच्या रांगेची एक बाजू रागाच्या भरात कुणी बघितली नाही, आणि ती मला महत्त्वाची वाटते. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला राजी हा गेम २०२० मध्ये स्टीमवर आला. राजी नावाची मुलगी आपल्या भावाला शोधत निघते आणि राजस्थानी धाटणीच्या वाड्यांमधून, महालांमधून राक्षसांशी लढते. असा छोटा चमू जाहिरातीवर पैसे कुठून आणणार? गेम घेऊन विसरलेल्या माणसापर्यंत ‘आम्ही यात सुधारणा केली आहे’ हे पोचवायला त्या रांगेतलं एक कार्ड मोठा आधार असतं. खर्च मात्र त्यांचाही वाढला, कारण दुकानातल्या आडव्या चित्रांबरोबर आता उभं मुखपृष्ठ, रुंद चित्र आणि वेगळं बोधचिन्ह करून द्यावं लागतं.

ज्या जुन्या गेमच्या मालकांनी उभं मुखपृष्ठ दिलंच नाही, त्यांचं आडवं चित्र फळीवर मध्येच चिकटवलेलं दिसायचं, वर-खाली त्याच चित्राचा धूसर भाग. आणि इथे खेळाडूंनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत लोभस वाटतं. त्यांनी मुखपृष्ठं स्वतः काढली. स्टीमग्रिडडीबी नावाच्या ठिकाणी लोकांनी बनवलेल्या चित्रांचा मोठा साठा आहे. हवं ते घ्यायचं, गेमवर उजवं क्लिक करून लावायचं. माझ्या भाच्याने तर त्याच्या अर्ध्या लायब्ररीला देवनागरीत नावं लिहिलेली मुखपृष्ठं केली आहेत, आणि पोर्टल या गेमच्या मुखपृष्ठावरची त्याची अक्षरं इतकी झोकदार आहेत की मी ती मागून घेतली. ज्यांना यातही समाधान नव्हतं ते प्लेनाइटसारख्या मोफत प्रोग्रामकडे गेले. तो स्टीम, एपिक, गॉग अशा सगळ्या दुकानांतले गेम एका यादीत आणतो आणि मांडणी तुमच्यावर सोडतो.

जून २०२३ मध्ये स्टीमच्या उरलेल्या खिडक्याही त्याच वेबच्या बांधणीत आल्या. त्यात पूर्वीपासून चालत आलेली स्किनची सोय गेली. एका फोल्डरमध्ये लोकांनी केलेलं रूपडं टाकलं की सगळं स्टीम त्या रूपात दिसायचं, ते थांबलं. कुणीतरी वर्षानुवर्षं बिनपैशाने सांभाळलेली ती कामं होती. त्यांची बूज राखली गेली नाही असं मला आजही वाटतं.

आणि १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७, ८ आणि ८.१ वर स्टीमला अधिकृत आधार राहिला नाही. व्हॉल्व्हने कारणांत आधी सांगितलं ते हेच, की आत बसवलेला क्रोम त्या विंडोजवर आता चालत नाही. म्हणजे २००४ चा एखादा गेम त्या मशीनवर अजून सुरळीत चालेल, पण तो ज्या लायब्ररीत ठेवलाय तिचा भरवसा नाही.

व्ह्यू मेन्यूमध्ये स्मॉल मोड अजून आहे. तो लावला की खिडकी अरुंद होते आणि नुसती नावं उरतात. मंगळवारी मी तोच लावते. पण तोही त्याच ब्राउझरवर उभा आहे. व्हॉल्व्हने ब्राउझरशिवाय चालणारी, नाव आणि बटण एवढीच असलेली एक यादी बनवून द्यावी. आधी होती तशी, आणि ती जुन्या मशीनवरही उघडावी.