तुलांबेनच्या समुद्रात उतरण्याआधी

बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, आगुंग ज्वालामुखीच्या पायथ्याशी तुलांबेन हे गाव आहे. स्कूबासाठी तिथे जाणारे बहुतेक नवखे भितात ते ज्वालामुखीला आणि शार्कला. जपायला हवं ते मात्र स्वतःच्या श्वासाला.

गैरसमज : ज्वालामुखीजवळचा समुद्र तापलेला आणि निर्जीव असतो.
वस्तुस्थिती : इथलं पाणी एरवीच्या उष्ण कटिबंधीय समुद्रासारखंच कोमट असतं. वाळू काळी आहे, कारण ती लाव्हाच्या खडकाची. प्रवाळाला धरून वाढायला टणक पृष्ठभाग लागतो. तो थंड झालेल्या लाव्हावरही मिळतो आणि बुडालेल्या जहाजावरही.

गैरसमज : इथलं प्रसिद्ध ‘लिबर्टी’ जहाज टॉर्पेडो लागून इथेच बुडालं.
वस्तुस्थिती : जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने या अमेरिकी मालवाहू जहाजावर टॉर्पेडो डागला, तो लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ. निकामी जहाज ओढत आणून तुलांबेनच्या किनाऱ्याला लावलं गेलं. तिथे ते एकवीस वर्षं पडून होतं. १९६३ मध्ये हजारांहून अधिक बळी घेणारा आगुंगचा उद्रेक झाला आणि त्याच्या हादऱ्यांनी जहाज समुद्रात घसरलं. आज ते सुमारे ५ ते ३० मीटर खोलीवर आहे आणि तिथे किनाऱ्यावरूनच पोहोचता येतं.

गैरसमज : पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो.
वस्तुस्थिती : सहसा साधी हवाच दाबाने भरलेली असते : सुमारे २१ टक्के ऑक्सिजन, बाकी मुख्यतः नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन तर काही मीटर खोलीनंतर विषारी ठरू शकतो.

गैरसमज : घाबरलात तर श्वास रोखून झटकन वर यावं.
वस्तुस्थिती : हे जिवावर बेतू शकतं. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथला श्वास कोंडून वर आलात, तर फुप्फुसांतली हवा प्रसरण पावून त्यांना इजा करते. श्वास अखंड चालू ठेवा आणि प्रशिक्षकासोबत सावकाश वर या.

गैरसमज : सकाळी डाइव्ह, संध्याकाळी परतीचं विमान, काही बिघडत नाही.
वस्तुस्थिती : पाण्याखाली शरीरात नायट्रोजन विरघळतो. हवेचा दाब लवकर कमी झाला, तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळतात. उंचावरही हवेचा दाब कमी असतो, म्हणून बालीतल्याच १,७१७ मीटर उंच बातुर ज्वालामुखीची चढाईही डाइव्हच्या आधीच उरकावी.

दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आरोग्याच्या फॉर्मवर तो लपवू नका. डाइव्ह नाकारली गेली तर वाईट वाटेल, पण तो निर्णय तुमच्या जिवासाठीच असतो.